रेट्रोग्रेड: ग्रह वक्री, निर्णय प्रतिगामी

तुमचा प्रश्न असा, की बातमीत एका निर्णयाला 'रेट्रोग्रेड' म्हटलं होतं आणि ज्योतिषाच्या व्हिडिओत बुधाला. मग शब्द एक की दोन? एकच. लॅटिनमध्ये 'रेट्रो' म्हणजे मागे आणि 'ग्रादी' म्हणजे पावलं टाकणं. ग्रेड, प्रोग्रेस, एवढंच काय, काँग्रेससुद्धा त्याच घरातली. काँग्रेस म्हणजे चालत येऊन एकत्र जमणं.

इंग्रजीत हा शब्द चौदाव्या शतकाच्या अखेरीस आला तो ग्रहांसाठीच. अधोगतीचा टोमणा त्याला नंतर चिकटला.

आणि गंमत बघा, ग्रह मागे जातच नाही. इंदूरहून उज्जैनला जाताना बसच्या खिडकीशी बसा. सांवेरच्या आसपास एखादा ट्रॅक्टर हमखास भेटतो. बस त्याला गाठून पुढे काढते, तेव्हा नजर लांबच्या झाडांवर ठेवा: झाडांच्या तुलनेत ट्रॅक्टर उलटा सरकताना दिसेल. तो बिचारा पुढेच चाललेला असतो! पृथ्वी मंगळाला साधारण 780 दिवसांतून एकदा असंच मागे टाकते, आणि दोन-अडीच महिने मंगळ उलटा दिसतो. बुध आपल्याला ओव्हरटेक करतो, म्हणून तो वर्षातून तीन-चारदा, तीनेक आठवडे.

मला विचाराल तर आपला 'वक्री' जास्त नेमका. वक्र म्हणजे वाकडा. त्यात 'मागे' कुठेच नाही. मंगळाची जागा काही महिने ताऱ्यांमध्ये टिपत गेलात, तर कागदावर खरंच वाकडा फेरा उमटतो. सूर्यसिद्धान्त या जुन्या संस्कृत खगोलग्रंथात ग्रहांच्या आठ गती मोजल्यात, त्यात वक्र आहेच. (खरोखर उलटा फिरणाराही आहे एक: नेपच्यूनचा चंद्र ट्रायटन.)

बातमीतल्या निर्णयाला मात्र 'वक्री' म्हणू नका, तिथे 'प्रतिगामी'. प्रति अधिक गामी, म्हणजे लॅटिनचीच जोडणी.

तिसरा अर्थ डॉक्टरांचा. रेट्रोग्रेड अ‍ॅम्नेशिया म्हणजे अपघाताच्या आधीचं पुसलं जाणं. आमच्या शेजारचा मुलगा स्कूटरवरून पडला. आदल्या रात्री आम्ही सगळे सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू (तळलेला कंद) खायला गेलो होतो, ते त्याला अजिबात आठवत नाही. पैसे त्यानेच दिले होते, हे तर त्याला अजून पटलेलं नाही.