डोंगल कुणाच्या खिशात?

(पत्राचा सारांश : मी अडीच वर्षांपासून थेट जनतेतून निवडून आलेली सरपंच. जागा ओबीसी महिलेसाठी सुटली तेव्हा धाकट्या दिरांनी मला उभं केलं. आता त्यांना जिल्हा परिषदेचा गट हवाय. गटारी, पेव्हर ब्लॉक अशी सगळी कामं ते साडूला देतात. मत दिलं नाही म्हणून चुलतसासऱ्यांचं घरकुल त्यांनी अडवून धरलंय. बोलायला गेले तर 'अविश्वास आणू' म्हणतात. यजमान गप्प. डिजिटल सहीचं डोंगलही भाऊजींकडेच असतं, मला तरी कुठे कॉम्प्युटरमधलं कळतं. बचतगटाचं दप्तर तेवढं नऊ वर्षं मीच लिहिते. भाऊजींचा स्वभाव कसा बदलावा?)

ताई,

चार पानांतली साडेतीन पानं तुम्ही दिरांवर खर्ची घातलीत. मला त्यांचं नवल वाटलं नाही. तुम्हीच लिहिलंय की आरक्षणाची सोडत निघाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी ते मोटारसायकलवरून तुमच्या माहेरी गेले, जात पडताळणीसाठी तुमच्या वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला काढून आणला आणि रात्री जेवताना जाहीर केलं, 'वहिनी, तुम्ही उभ्या राहताय.' एवढी धावपळ गावाच्या गटारीसाठी कुणी करत नाही. त्यांना एक सही हवी होती, ती मिळाली. असा माणूस समजावून बदलत नसतो, तेव्हा स्वभावाचा प्रश्न सोडून द्या.

मी अडले ती डोंगलच्या ओळीवर. तुम्ही ती जाता जाता लिहिलीत.

अंगठ्याएवढी ती वस्तू म्हणजे तुमची सही आहे. वित्त आयोगाचा पैसा ग्रामपंचायतीच्या खात्यातून बाहेर पडायला दोन डिजिटल सह्या लागतात, एक ग्रामपंचायत अधिकाऱ्याची (म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाची) आणि दुसरी सरपंचाची. 2000च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने या सहीला हाताच्या सहीचीच किंमत दिली आहे, आणि ती सांभाळायची जबाबदारी जिच्या नावावर आहे तिचीच. म्हणजे साडूचं प्रत्येक बिल, कागदावर, तुम्ही पास केलंय. उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर नोटिशीवर नाव तुमचं येईल. गैरवर्तन किंवा कर्तव्यात कसूर सिद्ध झाली तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 39 खाली विभागीय आयुक्त तुम्हाला पदावरून काढू शकतात. दिरांना कुठून काढणार? ते तर साधे सदस्यही नाहीत. तुम्ही घरी बसाल आणि ते स्वच्छ शर्ट घालून गटाचा अर्ज भरायला जातील.

आणि 'कॉम्प्युटरमधलं कळत नाही' हे मला सांगू नका. शेकडा दोन रुपयांनी दिलेल्या कर्जाचं व्याज, कुणाचा हप्ता थकला, कुणी नवऱ्याच्या नावाने उचललं, हे नऊ वर्षं ज्या बाईच्या दप्तरात चोख आहे तिला ठेकेदाराचं नाव आणि बिलाची रक्कम वाचता येत नाही? पिन टाकायला शाळकरी पोर शिकवेल. मला वाटतं, न कळण्यात तुमची सोय होती. झेंडावंदन तुमच्या हस्ते, शाल-श्रीफळ तुम्हाला, आणि शिव्या भाऊजींना. चुलतसासरे घरकुलासाठी ग्रामपंचायतीच्या पायऱ्या झिजवतायत ते तुमच्याच कारकिर्दीत. त्यांच्यासमोर 'माझ्या हातात काही नाही' म्हणताना हातात काय असायला हवं होतं, हे तुम्हाला ठाऊक होतं.

अविश्वासाची धमकी तर पोकळ आहे. तुम्हाला सदस्यांनी नाही, गावाने निवडलंय. तीन चतुर्थांश सदस्य विरोधात गेले तरी ठरावावर पुन्हा ग्रामसभेत गुप्त मतदान व्हावं लागतं. भावजयीला खाली खेचायला भर गावासमोर उभं राहणं गटाच्या उमेदवाराला परवडेल का? हा हिशेब त्यांनी तुमच्या आधी केला असणार.

तेव्हा आज रात्रीच डोंगल मागून घ्या. यजमानांच्या तोंडून नको, स्वतः मागा. कारण सांगत बसू नका, रडू तर अजिबात नका. 'भाऊजी, डोंगल द्या, उद्यापासून माझ्याकडे राहील,' एवढंच. मिळालं की सकाळी ग्रामपंचायतीत जाऊन ग्रामसेवक भाऊसाहेबांसमोर पिन बदला. नवा पिन यजमानांनाही सांगायचा नाही. पुढचं बिल समोर आलं की मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची मापं लिहिलेली वही) मागा आणि काम जागेवर जाऊन बघा, मगच सही.

'नंतर बघू' म्हणाले, तालुक्याला विसरलंय म्हणाले, तर दुसऱ्यांदा मागू नका. गटविकास अधिकाऱ्यांच्या नावे दोन ओळींचा अर्ज लिहा : माझी डिजिटल सही माझ्या ताब्यात नाही, ती रद्द करून नवी द्यावी. तुमचं बचतगटातलं ते स्वच्छ अक्षर पुरे आहे, टायपिंगवाल्याकडे जायची गरज नाही. तो माणूस दिरांचा मित्र निघायचा. पंचायत समितीत स्वतः जाऊन द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या.