मुलगी अठराची झाली म्हणून पोटगी बंद होते का?

ताई, तुमचा मेसेज वाचला. तुम्ही मुलांना घेऊन सिडकोत राहता, कोर्टाने जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या (CrPC) कलम १२५ खाली तुम्हाला, मुलीला आणि मुलाला वेगवेगळी रक्कम लावून दिलीय, आणि मुलगी अठराची झाल्याबरोबर मिस्टरांनी सगळेच पैसे बंद केले, वर पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर "माझा आता काही हक्क नाही" असं तिच्याकडून लिहून मागतायत. ती सही तिला अजिबात करू देऊ नका.

१२५ म्हणजे आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतलं कलम १४४. त्यात मुलांची पोटगी अठरापर्यंतच, अपंगत्वामुळे स्वतःचं भागवता येत नसेल तरच पुढे चालते. त्यामुळे मुलीच्या रकमेपुरतं मिस्टरांचं बरोबर आहे. पण तुमची आणि पंधरा वर्षांच्या मुलाची रक्कम ते स्वतःच्या मनाने थांबवू शकत नाहीत, वसुलीचा अर्ज लगेच टाका, कारण रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज नसेल तर या कलमाखाली वसुलीचं वॉरंट निघत नाही आणि "देतील आज ना उद्या" म्हणत थांबलेल्या बायकांचे पैसे तिथेच बुडतात, फार वाईट वाटतं बघून.

आता मुलगी. हिंदू दत्तक आणि निर्वाह कायदा, १९५६, कलम २०. अविवाहित मुलीला स्वतःच्या कमाईत किंवा मालमत्तेत भागत नसेल तर अठरानंतरही वडिलांकडून निर्वाह मागता येतो, त्यात शिक्षण, औषधपाणी, लग्नाचा वाजवी खर्चसुद्धा येतो. सुप्रीम कोर्टाने २०२० साली अभिलाषा विरुद्ध प्रकाश केसमध्ये हेच सांगितलंय. फक्त हे जुन्या ऑर्डरवर आपोआप मिळत नाही, नाशिकच्या फॅमिली कोर्टात तिने स्वतःच्या नावाने वेगळा दावा करायचा, वकीलपत्रावर सही तिचीच. निकालाला वेळ लागतो म्हणून सोबत अंतरिम पोटगीचाही अर्ज द्या. फार्मसी कॉलेजचं बोनाफाईड, फीच्या पावत्या, बसपास आणि तिच्या खात्याचं पासबुक जोडा, कमाई नाही हे पासबुकातच दिसतं. आणि तुम्ही जेवणाचे डबे देता त्याचं उत्पन्न लपवू नका, या कलमात जबाबदारी आईवरही आहे, दोन्ही बाजूंना मिळकतीचं प्रतिज्ञापत्र द्यावंच लागतं.

मुलाचं मात्र तसं नाही, सज्ञान मुलाला कलम २० लागू होत नाही. म्हणून उद्या संमतीने घटस्फोट घ्यायची वेळ आली तर त्याच्या पदवीपर्यंतची फी कोण भरणार हे संमतीच्या अटींमध्ये स्पष्ट लिहून घ्या, तोंडी कबुलीवर राहू नका.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, बायकांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जाताना जुन्या ऑर्डरची सर्टिफाईड कॉपी न्या.