भर समुद्रातल्या यॉट शर्यतीत एवढं काय असतं?

प्रश्न असा आहे : "सिडनी-होबार्टसारख्या शर्यतीत लोक पदरचे पैसे घालून चार दिवस भिजत, उलट्या करत जातात. रोख बक्षीसही नसतं. मग यात मजा कसली? आणि आपल्यासारख्या हौशी माणसाला ते जमतं का?"

मी ही शर्यत एकदा केली आहे. चाळीस फुटी बोट, आठ माणसं, त्यातला सगळ्यात कच्चा गडी मी. मूळचा डोंबिवलीचा, पोहायला शिकलो तेही नोकरी लागल्यावर. सिडनीत ऑफिसमधल्या एकाने बुधवारी संध्याकाळच्या छोट्या शर्यतींना नेलं आणि चटक लागली. होबार्टसाठी मला घेतलं ते काही कौशल्य बघून नव्हे. वाऱ्याने बोट एका बाजूला कलते तेव्हा वर आलेल्या कडेवर पाय बाहेर सोडून बसायला वजनदार माणसं लागतात, आणि मी तेव्हा ८८ किलोंचा होतो. म्हणजे हे उत्तर एका बोलत्या वाळूच्या पोत्याचं आहे असं समजा.

२६ डिसेंबरला दुपारी १ वाजता सिडनी बंदरातून तोफ उडते आणि दक्षिणेला टास्मानियातल्या होबार्टपर्यंत ६२८ सागरी मैल, म्हणजे साधारण ११६० किलोमीटर जायचं असतं. १९४५ साली काही मित्र निवांत सहल म्हणून निघणार होते. ब्रिटिश नौदलातले जॉन इलिंगवर्थ म्हणाले, शर्यतच करू या की! नऊ बोटी निघाल्या आणि जिंकले तेच.

निघण्याआधी एक गंमत असते. लख्ख ऊन, किनाऱ्यावर माणसंच माणसं, आणि त्या छान वाऱ्यात प्रत्येक बोट वादळासाठीची चिमुकली भगव्या रंगाची शिडं चढवून तपासणीच्या बोटीसमोरून जाते. लग्नाच्या वरातीत छत्री उघडून चालल्यासारखं वाटतं. दुसऱ्या दिवशी पहाटे हसू आलं नाही.

कारण साधं आहे. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याने एक उबदार प्रवाह दक्षिणेकडे वाहतो. तो आपल्याच दिशेने जातो, म्हणून सगळे तो शोधत असतात. आमचा नॅव्हिगेटर दर अर्ध्या तासाने पाण्याचं तापमान बघायचा. पण दक्षिणेकडून गार वारा आला की तो या प्रवाहाच्या बरोबर तोंडावर येतो, आणि लाटा लांबट न राहता भिंतीसारख्या उभ्या होतात. बोट चढते, आणि पलीकडे उतारच नसतो. ती धाडकन खाली पडते. आत झोपलेल्याला वाटतं, कोणीतरी डोक्याशी लोखंडी कपाट पाडलं. पुढे बासची सामुद्रधुनी येते. तिथे खोली साठेक मीटरच, म्हणून लाटा आणखी आखूड. तिच्यात शिरण्याआधी ग्रीन केपजवळ रेडिओवरून सांगावं लागतं, की बोट आणि माणसं धड आहेत, आम्ही पुढे जातोय. आमच्या स्किपरने, म्हणजे कप्तानाने, ते सांगण्याआधी आठही जणांना एकेक करून विचारलं. मी "हो" म्हणालो, आणि लगेच कडेवरून वाकून ओकलो.

लोक वादळाबद्दल विचारतात. वादळ असतंच. १९९८ साली ११५ बोटी निघाल्या, ४४ पोचल्या, सहा माणसं गेली. २०२४ मध्ये पहिल्याच रात्री दोन वेगवेगळ्या बोटींवर दोघे दगावले. आम्हाला आधी पूर्ण कपड्यांनिशी तलावात उड्या मारून तराफ्यावर चढायचं शिक्षण घ्यावं लागलं होतं, ते काही हौस म्हणून नव्हे. पण आमच्या वाट्याला तसं काही आलं नाही, तेव्हा त्यावर मी फुशारक्या मारणार नाही.

मला जड गेल्या त्या बारीकसारीक गोष्टी. चार तास काम, चार तास आराम. ऐकायला बरं वाटतं. पण त्या आरामातला पाव तास ओले कपडे उतरवण्यात जातो आणि पाव तास परत तेच ओले कपडे चढवण्यात. फरशी वीस-पंचवीस अंश तिरकी, त्यामुळे पँटमध्ये एक पाय घालून माणूस समोरच्या भिंतीवर जाऊन आदळतो. बिछाना स्वतःचा नसतो. जो उठून वर गेला त्याच्या ऊबेत आणि ओलीत आपण शिरायचं. संडासाबद्दल लिहीत नाही.

आईने येताना आलेपाकाच्या वड्या दिल्या होत्या. मळमळीवर आलं बरं, एवढाच विचार. दुसऱ्या रात्री तीनच्या सुमाराला मी खिशातून एक काढली, तर शेजारच्याने न बोलता हात पुढे केला. मग त्याच्या शेजारच्याने. वड्या खाऱ्या पाण्याने चिकट झालेल्या, वर हातमोज्याचे धागे. चौघांनी त्या धाग्यांसकट खाल्ल्या. पुढचे दोन दिवस स्किपर वर आला की पहिला प्रश्न, "ते पिवळं अजून शिल्लक आहे का?"

आता मजा. खरं तर हा शब्दच इथे बसत नाही. तिसऱ्या रात्री वारा जरा उतरला आणि स्किपरने सुकाणू माझ्या हाती दिलं. वीस मिनिटंच. समोर होकायंत्राचा लाल उजेड, बाकी काळोख. तेव्हा एकदम लक्षात आलं, की खाली चार माणसं गाढ झोपली आहेत, आणि ती झोपू शकतात कारण वर मी आहे. मी! तासाभरापूर्वी त्यांच्यापैकीच एकजण जागा होता म्हणून मी घोरत होतो. ऑफिसात माझ्यावाचून कोणाचं काही अडत नाही, हे मला वीस वर्षांच्या नोकरीत नीट कळलं आहे. तिथे अडत होतं. मला विचाराल तर लोक याच्यासाठी जातात. वारा, सूर्योदय वगैरे नंतर सांगायला बरं असतं.

दुसरं आकर्षण गणिताचं. प्रत्येक बोटीला तिच्या बांधणीप्रमाणे एक आकडा मिळतो, लागलेल्या वेळाला त्याने गुणतात आणि खरा विजेता ठरतो. म्हणून १०० फुटी 'कोमांचे'ने २०१७ मध्ये १ दिवस ९ तास १५ मिनिटांत विक्रम केला, तरी छोट्या बोटीलाही आशा असते. 'लव्ह अँड वॉर' नावाच्या ४७ फुटी बोटीने १९७४, १९७८ आणि मग थेट २००६ साली बाजी मारली. आमचा नंबर विचारू नका.

आणि शेवटी डरवेंट नदी. मुखाजवळच्या आयर्न पॉट दीपगृहापासून अंतिम रेषा ११ मैल. शाळेत खारे वारे, मतलई वारे पाठ केले होते, त्यांचा अर्थ मला तिथे कळला. रात्री खारा वारा मेला आणि आम्ही होबार्टचे दिवे बघत सहा तास तरंगत होतो. मागची बोट आमच्याच डोळ्यांदेखत किनाऱ्याला चिकटून पुढे गेली. बासमध्ये कोणी शिवी दिली नव्हती, इथे सगळ्यांनी दिली.

हौशी माणसाला जमतं का? जमतं, पण सुरुवात इथून करू नका. वर्षभर जवळच्या शर्यतींत कोणाच्यातरी बोटीवर दोर ओढा. मुंबईचे असाल तर समुद्र काही परका नाही. पहिल्यांदा एकट्याने, कुठेही न थांबता जगाची फेरी मारणारी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची 'सुहैली' मुंबईतच बांधलेली होती. बोटवाल्यांना माणसं नेहमी कमी पडतात, आणि वेळेवर येणारा माणूस त्यांना हुशार माणसापेक्षा जास्त आवडतो. महागडे बूट मात्र पहिल्या वर्षी घेऊ नका, कोणाचे तरी मागून घ्या. माझ्या बुटांत पाणी वरून शिरलं, आणि इतके उत्तम होते की शिरलेलं पाणी होबार्टपर्यंत बाहेर पडलं नाही.