शी-शू या चिनी झाडावर कॅन्सरसाठी खरंच संशोधन झालंय का? नरक्याच्या सालीचा काढा रुग्णाला द्यावा का?

तुमच्या काकांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या निरोपात तीन गोष्टी आहेत: चिनी औषधातल्या शी-शू झाडात कॅन्सरवरचं द्रव्य सापडलं, तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात आहे, म्हणून सालीचा काढा सुरू करा. मी फार्मसी कॉलेजात वनौषधींचं रसायनशास्त्र शिकवतो. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तिसरी जिवावर बेतू शकते. काढा कृपा करून देऊ नका. का, ते जरा सविस्तर सांगतो.

शी-शू, म्हणजे कॅम्प्टोथेका अ‍ॅक्युमिनाटा, हे दक्षिण चीनचं झाड. तिथे याची पानं गळवांवर लावत, साल त्वचारोगांवर वापरत, फळं आणि मुळंही औषधात घेत. पण आधुनिक संशोधन या वापराचा माग काढत झाडापर्यंत पोचलं नाही, हे निरोप पाठवणाऱ्यांना ठाऊक नसतं. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या कृषी खात्यातले मन्रो वॉल कॉर्टिझोन हे सूज-दाह कमी करणारं औषध बनवायला उपयोगी पडतील अशी स्टेरॉइडं वनस्पतींत शोधत होते. त्यांच्याकडचे सुमारे हजार अर्क कॅन्सरविरोधी चाचणीसाठी गेले आणि त्यांतला या झाडाचा अर्क उठून दिसला. पुढे वॉल नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये गेले. तिथे त्यांना रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी येऊन मिळाले. वाणींचा जन्म १९२५ चा, आपल्या नंदुरबारचा, आणि शिक्षण मुंबई विद्यापीठात. १९६६ साली या चमूने कॅम्प्टोथेसिन हा रेणू वेगळा करून त्याची रचना जाहीर केली. याच जोडीने पुढे टॅक्सॉल हे कॅन्सरवरचं आणखी एक औषधही शोधलं. नंदुरबारच्या शाळांमधून हे नाव मुलांना सांगितलं जावं, असं मला मनापासून वाटतं.

आता तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेला भाग. कॅम्प्टोथेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्याच्या रेणूत लॅक्टोन नावाचं एक कडं असतं. ते मिटलेलं असेल तरच औषध काम करतं. पहिल्या चाचण्यांच्या वेळी पाण्यात विरघळावं म्हणून ते कडं उघडून सोडियमचा क्षार केला आणि १९७० च्या सुमारास तो रुग्णांना टोचला. गुण फारसा आला नाही. उलट रक्तपेशी बनवणारी अस्थिमज्जा दबली, पांढऱ्या पेशी घसरल्या आणि लघवीतून रक्त जाऊ लागलं. लघवी आम्लधर्मी असते, त्यामुळे मूत्राशयात ते कडं पुन्हा मिटतं आणि जिथे नको तिथेच औषध जागं होतं. चाचण्या बंद झाल्या आणि पुढची दहा-बारा वर्षं हा रेणू जवळपास अडगळीत पडला.

१९८५ साली लेरॉय लिऊ यांच्या प्रयोगशाळेने तो नेमकं काय करतो ते दाखवलं. पेशी दुभंगण्यापूर्वी डीएनएची नक्कल होते, तेव्हा पीळ पडलेल्या सुंभासारखा त्यावर ताण येतो. टोपोआयसोमरेज-१ हे एन्झाइम एक पदर कापतं, पीळ सोडवतं आणि पदर पुन्हा जोडतं. कॅम्प्टोथेसिन नेमकं कापल्यानंतर आणि जोडण्यापूर्वी मध्ये जाऊन बसतं. नक्कल करणारी यंत्रणा त्या न सांधलेल्या जागी येऊन आदळते, डीएनए तुटतो आणि पेशी मरते. मग झाड स्वतः कसं जगतं? २००८ मध्ये जपानी संशोधकांना दिसलं की झाडाच्या स्वतःच्या टोपोआयसोमरेजमध्ये एक अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतली एक कडी, बदललेलं आहे. अगदी तोच बदल या औषधाला दाद न देणाऱ्या मानवी कॅन्सर पेशींतही आढळला होता. वर्गात हे सांगताना दर वर्षी मला नव्याने थक्क व्हायला होतं.

या समजेतून रेणूत फेरफार करून दोन औषधं घडली. टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन या दोन्हींना अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली. इरिनोटेकॅन मुळात जपानमध्ये तयार झालं आणि ते मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर वापरतात. म्हणजे काकांना या झाडाचा गुण हवा असेल, तर तो मोजून-मापून बाटलीत मिळतो.

नरक्याबद्दल. घाटातल्या सदाहरित जंगलात वाढणाऱ्या या झाडाच्या फुलांना उग्र दुर्गंध येतो. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी यात कॅम्प्टोथेसिन असल्याचं दाखवलं, तेही चांगल्या प्रमाणात. तेव्हापासून झाडामागे ससेमिरा लागला. सिंधुदुर्ग-कोल्हापूरकडे नरक्याचं लाकूड पकडल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. सालीसाठी झाड सोलणं हा त्या संहाराचाच भाग आहे, आणि याचा मला फार त्रास होतो.

काढ्यात किती द्रव्य उतरेल हे कुणीही सांगू शकत नाही. झाडागणिक, मूळ-खोड-पानागणिक प्रमाण बदलतं. शुद्ध, मोजलेल्या औषधानेही पांढऱ्या पेशी घसरतात, जुलाब लागतात. केमो चालू असताना वरून हा काढा पोटात गेला तर डॉक्टरांना कळणारही नाही की काय कशामुळे झालं.

त्यापेक्षा डॉक्टरांना विचारा की उपचारात इरिनोटेकॅन आहे का किंवा पुढे येणार आहे का. असेल तर यूजीटी१ए१ या जनुकाच्या तपासणीबद्दलही विचारा. काहींच्या शरीरात हे औषध बाहेर टाकणारं एन्झाइम मंद असतं आणि त्यांना कमी डोस लागतो. सलाइन चालू असताना किंवा त्याच दिवशी घाम, लाळ, पोटात मुरडा येऊन होणारे जुलाब वेगळे, त्यांवर अ‍ॅट्रोपिन देतात. चोवीस तासांनंतर केव्हाही लागणारे जुलाब जास्त धोक्याचे. तेव्हा कोणती गोळी कधी घ्यायची हे आधीच लिहून घ्या आणि ताप आला तर रात्र काढू नका.

काढा आधीच दिला गेला असेल तर संकोच न करता डॉक्टरांना सांगा, किती दिवस दिला तेही सांगा, आणि पुढच्या केमोआधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजणारी तपासणी, करून घ्या.