वाक्य मोड, शब्दाला हात शेवटी

कोल्हापूर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधातील पुरावरच्या प्रकरणाची पाने वाचली. मूळ पुस्तकाशी साम्य फार निघाले म्हणून तू शब्दकोश उघडून एकेका शब्दाच्या जागी दुसरा बसवत गेलास, आणि आता सात-आठ पर्यायांतला योग्य कोणता, असे मला विचारतोस. तुझी तळमळ खरी आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. आधी वाक्य मोडावे, आपल्याला जे समजले त्यानुसार ते नव्याने बांधावे आणि शब्दाला हात सर्वांत शेवटी लावावा.

मूळ वाक्य होते, 'पूर ओसरल्यावर दगावलेल्या जनावरांची विल्हेवाट लावण्यात आली.' तू लिहिलेस, 'जलप्रलय मावळल्यावर निधन पावलेल्या पशूंचे निर्मूलन करण्यात आले.' अरे, पूर चढतो आणि ओसरतो. मावळतो तो दिवस. निधन माणसाचे, तेही आदराने बोलताना, निर्मूलन रोगाचे. आजाराने किंवा आपत्तीने जनावर जाते, तेव्हा आपल्याकडे ते दगावले असेच म्हणतात. 'पुरात जनावरे दगावली होती. पाणी उतरल्यावर त्यांची विल्हेवाट लावावी लागली,' असे लिहिले असतेस, तर निम्मे शब्द तेच राहूनही वाक्याची बांधणी तुझी झाली असती. संदर्भ मात्र तेव्हाही द्यावाच लागतो, कारण माहिती दुसऱ्याची आहे.

काही शब्दांना तर पर्याय शोधूच नयेत. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. तू दोन्हींना 'संकटरेषा' म्हटलेस, आणि ज्या चार फुटांत नदीकाठच्या माणसाने सावध होऊन सामानसुमान हलवायचे, ते चार फूटच तुझ्या पानावरून नाहीसे झाले. बंधाऱ्याच्या बरग्यांनाही, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्यांनाही, तू 'दरवाजे' केलेस. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात बरगे खांबांच्या खाचांत बसवतात आणि पावसाळ्याआधी काढून ठेवतात. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक पातळीला पोचले की आपोआप उघडतात. कोल्हापुरात राहून तुला हा फरक मी सांगावा लागतो, याचे मला वाईट वाटते.

म्हणून पुन्हा सांगतो, वाक्य मोड. शब्द सर्वांत शेवटी.

या आग्रहाची किंमत मी मोजलेली आहे. शाहू महाराजांच्या १९०२ च्या हुकुमावरील एक मजकूर नव्याने लिहिण्याचे काम माझ्याकडे आले होते. त्या हुकुमात मागासलेल्या वर्गांसाठी ठेवल्या होत्या त्या पुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा. छापणाऱ्यांना सुटसुटीत म्हणून '५० टक्के नोकऱ्या' हवे होते. असलेल्या नोकऱ्या काढून वाटणे आणि पुढची भरती राखून ठेवणे, यांत केवढे अंतर आहे! मी ऐकले नाही, नाव काढून घेतले, आणि तिथून पुन्हा काम आले नाही. ज्यांच्याबरोबर उमेदीची वर्षे काढली त्या माणसांशी बोलणे तुटले, याची खंत आजही आहे. तरीही तो शब्द मी आजही सोडणार नाही, कारण महाराजांनी जे केले तेच वाचकापर्यंत पोचले पाहिजे, आणि ते पोचवण्याची जबाबदारी लिहिणाऱ्याची असते. मला हट्टी म्हणणाऱ्यांना हे कधी पटले नाही. तुला पटावे असे मनापासून वाटते.

आता असे कर. मूळ पुस्तकातला एक परिच्छेद दोनदा वाच, पुस्तक मिटून ठेव आणि घरात कुणाला तरी तो तोंडी सांग. सांगताना जिथे अडशील तिथे तुला मजकूरच कळलेला नाही, हे ओळखून परत मुळाकडे जा. मग लिहून काढ आणि शेवटी पातळ्या, आकडे, बंधाऱ्याचे शब्द मुळाशी ताडून पाहा. शब्दकोश तेव्हा उघडलास तर माझी हरकत नाही. असे पहिले दोन परिच्छेद झाले की मूळ पानांसह माझ्याकडे पाठव. उरलेले प्रकरण त्यानंतरच हाती घे.

तुझा,
काका