विश्वास कमी पडला, असे कोणालाही म्हणू देऊ नका

ताई, सलाम. तुमच्या यजमानांची मूत्रपिंडे निकामी झाल्यावर मंडळीने साखळी प्रार्थना केली, तुम्ही उपास धरले, पाळकसाहेबांनी तेल लावून प्रार्थना केली आणि तरीही ते गेले. पुढे प्रार्थनागटातील एक बहीण "कुठे तरी विश्वास कमी पडला असेल" असे म्हणाल्या आणि तेव्हापासून तुमच्या तोंडून प्रार्थनेचा शब्द निघत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. मंडळीतर्फे आजाऱ्यांच्या घरभेटींना मी बरीच वर्षे जातो आणि हे वाक्य मी अनेक घरांत ऐकले आहे. तुमच्या विश्वासाला मृत्यूपेक्षाही या वाक्याने अधिक इजा केली असे मला वाटते, म्हणून आधी त्याविषयीच लिहितो.

त्या बहिणीच्या मनात बहुधा याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय असावा, की विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील. ते वचन आपल्याला दिलेलेच आहे आणि त्याच्याच आधाराने आपण आजाऱ्यासाठी गुडघे टेकतो. परंतु ज्याच्या हातून कितीतरी आजारी बरे झाले त्या प्रेषित पौलाला आपला सोबती त्रफिम याला मिलेतात आजारीच सोडून पुढे जावे लागले, आणि स्वतःच्या देहातील काटा निघावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली तरी काटा निघाला नाही, कृपा पुरेशी आहे एवढेच त्याला सांगण्यात आले. याउलट मार्काच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातला आजारी मुलाचा बाप विश्वास आणि अविश्वास दोन्ही एकाच दमात कबूल करतो आणि त्याचा मुलगा त्याच क्षणी बरा होतो. विश्वासाचे वजन करून त्या मापाने आरोग्य दिले जात असते, तर पौल बरा व्हायला हवा होता आणि तो बाप रिकाम्या हाताने परतायला हवा होता.

प्रेषितांच्या कृत्यांचा बारावा अध्याय सवडीने वाचा. हेरोद राजा योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारतो, आणि हे लोकांना आवडले असे पाहून पेत्रालाही धरतो. मंडळी पेत्रासाठी एकाग्रतेने प्रार्थना करते, देवदूत येतो, बेड्या गळून पडतात, आणि पेत्र रात्री मार्काची आई मरीया हिच्या घराचे दार ठोठावतो तेव्हा रुदा नावाची दासी आनंदाच्या भरात दार उघडायचेच विसरते. हा प्रसंग आपण मुलांना शब्बाथशाळेत हौसेने सांगतो, पण त्याच यरुशलेमेत याकोबाचेही आप्त असतील आणि त्यांनीही देवाला हाक मारली असेल, हे मनात आणत नाही. दोघेही प्रेषित, दोघेही प्रभूच्या अगदी जवळचे. एक सुटला आणि एक मारला गेला. असे का, याविषयी हे पुस्तक लिहिणारा लूक एक अक्षरही लिहीत नाही, आणि याकोबाचा विश्वास उणा होता असे तर मुळीच सुचवत नाही. जिथे लूक थांबला तिथे आपणही थांबावे. म्हणून "देवाची काही तरी चांगली योजना असेल" हे वाक्यही मी शोक करणाऱ्याच्या घरात उच्चारत नाही.

मग विश्वास ठेवायचा तो कशाच्या आधारावर, हा तुमचा खरा प्रश्न आहे. मला स्वतःला इब्री लोकांस पत्राच्या पाचव्या अध्यायाने धरून ठेवले आहे. तिथे म्हटले आहे की येशूने मोठ्या आक्रोशाने आणि अश्रूंनी, मरणातून वाचवू शकणाऱ्या पित्याजवळ विनंत्या केल्या आणि त्याचे ऐकण्यात आले. गेथशेमाने बागेत त्याने हा प्याला टळावा म्हणून मागितले होते, आणि दुसऱ्या दिवशी तो वधस्तंभावर होता. तरीही पत्राचा लेखक ऐकण्यात आले असेच लिहितो, कारण त्याच्या डोळ्यांसमोर पुनरुत्थानाचा तिसरा दिवस आहे. पित्याने ऐकले, परंतु उत्तर मरणाच्या पलीकडे दिले. तुमच्या यजमानांसाठी झालेल्या प्रार्थनेविषयी मी याहून अधिक काही सांगू शकत नाही, पण एवढे मात्र पूर्ण भरवशाने सांगतो.

केडगावच्या मुक्ती मिशनात दिवसरात्र प्रार्थना चाले, आणि तरीही 1921 साली पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा, जिच्यावर पुढचा सारा भार टाकायचा होता, आईच्या आधी गेली. रमाबाई त्यानंतर एप्रिल 1922 पर्यंत जगल्या आणि मूळ भाषांवरून चाललेले बायबलच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी सोडले नाही. त्यांचा विश्वास कमी पडला असे म्हणण्याची हिंमत आपल्यापैकी कोणी करील का?

तुम्हाला देवाचा राग येतो आणि त्याची भीती वाटते, असे तुम्ही लिहिले आहे. तो राग त्याच्यासमोरच बोलून दाखवा. स्तोत्र 88 आरंभापासून शेवटपर्यंत तक्रारच आहे, ते अंधारातच संपते, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. ईयोबाने देवाला काय काय सुनावले ते आपण जाणतो. पण शेवटी परमेश्वर, ईयोबाला दोष देणाऱ्या मित्रांपैकी अलीफजाला सांगतो की माझ्याविषयी यथार्थ बोलला तो माझा सेवक ईयोब, तुम्ही नव्हे. देवाची बाजू घेऊन दुःखिताला दोष देणारेच तिथे अपराधी ठरले.

स्वतःचे शब्द सुचत नसतील तर सध्या प्रभूची प्रार्थना आणि एखादे विलापाचे स्तोत्र मोठ्याने वाचा, तेवढे पुरे आहे. उपासनेला मात्र जात राहा, गाता आले नाही तरी चालेल. आमच्या मंडळीतील एक आजी मुलगा गेल्यावर गीतपुस्तक मिटून मांडीवर ठेवीत आणि गप्प बसत; शेजारची बाई आपले पुस्तक दोघींच्या मधे उघडून धरी आणि एकटीच गाई, आजींना कधी कोपराने डिवचत नसे. प्रभुभोजन मात्र आजींनी एकदाही चुकवले नाही. मंडळी असते ती यासाठी, की एकाचा आवाज बसला असताना दुसऱ्याने म्हणत राहावे.

मुलगा रविवारी यायला नाही म्हणतो, त्याला बळजबरी करू नका. "बाबा का गेले ते मलाही ठाऊक नाही" हे तुमचे उत्तर, घाईने शोधलेल्या कारणापेक्षा त्याला अधिक खरे वाटेल. झोप आणि जेवण तुटले असेल तर डॉक्टरांना अवश्य दाखवा. त्यात अविश्वास नाही. आणि त्या बहिणीला समजावण्याचे काम तुमचे नाही. ते पाळकसाहेबांवर सोपवा, आणि हवे तर हे पत्र त्यांना वाचायला द्या.