वाचकांचे प्रश्न : यंत्राला आधीच कसं कळतं?

प्रश्न : पक्षाघातानंतर वडील उजव्या हाताला रोबोटिक आधार लावून व्यायाम करतात. हात हलायच्या आधीच यंत्र निघतं, आणि कधीकधी कोपर सरळ करायला गेलं की उलट वाकवतं. असं का?

उत्तर : स्नायू ओढायला लागण्याआधी साधारण ३० ते १०० मिलिसेकंद त्यात विजेचा बारीकसा संकेत उठतो. त्वचेवरचे इलेक्ट्रोड तो टिपतात. यंत्राची आघाडी तेवढीच, मनकवडेपणा नाही.

उलटं वाकण्याचं कारण बहुधा यंत्रात नसून स्नायूंत असतं. पक्षाघातानंतर कोपर सरळ करताना दंडाचा मागचा स्नायू चालतोच, पण पुढचाही आखडून सोबत ओढतो. फक्त पुढच्याचा संकेत वाचणारं यंत्र हमखास फसतं. म्हणून दोन्ही स्नायूंवर इलेक्ट्रोडच्या जोड्या हव्यात आणि निर्णय त्यांच्या तुलनेवर व्हावा.

त्याआधी इलेक्ट्रोडची जागा बघा. पुढच्या स्नायूसाठी खांद्याचं टोक ते कोपराची खळी या रेषेवर, खळीपासून एक तृतीयांश अंतरावर, दोन इलेक्ट्रोडच्या मध्यांत २० मिलिमीटर अंतर ठेवून. त्वचा स्पिरिटने पुसून कोरडी होऊ द्या. तेल लावलेल्या हातावर काही टिकत नाही. घामाने पट्टी सरकली की कालची जुळणी आज कुचकामी. दर सत्राच्या सुरुवातीला हात सैल सोडून ५ सेकंद नोंद घ्यायला सांगा, किती संकेतावर यंत्राने निघायचं हा उंबरठा त्यावरूनच ठरतो. हात दमला की संकेताचं रूप बदलतं, तेव्हा मध्ये विश्रांती द्या. तरीही हात उलट ओढला जात असेल, तर जोर लावून रोखू नका. थांबवायचं बटण दाबा.